‘फारम निघाले का?’

विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांची माहिती देणारा चॅटबॉट छत्रपती संभाजीनगरात बांधायला घेतला, तर सगळ्यात आधी त्याला विद्यापीठाचं नाव शिकवावं लागतं. आणि तिथंच पहिला दिवस संपतो. कुणी ‘बामू’ लिहितं, कुणी ‘आंबेडकर विद्यापीठ’, कुणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं पूर्ण नाव. गावाकडच्या वडिलांनी पोराला ‘मराठवाडा विद्यापीठात जाऊन ये’ म्हणून पाठवलेलं असतं, म्हणून तो तेच लिहितो. शहराचं नाव कुणी औरंगाबाद लिहितं, कुणी संभाजीनगर. उपपरिसर कुणाच्या लेखी उस्मानाबादला असतो, कुणाच्या लेखी धाराशिवला. संगणकाच्या हिशेबी ही एकाच गोष्टीची पर्यायी नावं. यादी करायची, जोडून द्यायची, पुढं जायचं. पण या यादीतल्या दोन ओळींमध्ये सोळा वर्षं आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला २७ जुलै १९७८ रोजी, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला. शहराच्या नावावर केंद्राची मोहोर उमटली ती तर परवाची, २०२३ची. बॉटला यातलं काही ठाऊक नसतं. कुठल्याही नावानं हाक मारा, तो ‘ओ’ देतो. या शहरात एवढी निर्विकार दुसरी जागा नसेल.

चॅटबॉटचं कूळ सांगायचं झालं की लोक थेट अमेरिकेला जातात. बोलणाऱ्या यंत्राचं कूळ तिकडचंच आहे, त्याकडे येऊच. पण त्या यंत्राला विचारला जाणारा प्रश्न इथला आहे आणि यंत्राहून बराच जुना आहे. मला काय शिकता येईल, कुठं, किती पैशांत, आणि मुळात मला घेतील का? हा प्रश्न गेली शंभर वर्षं या शहरात दार बदलत उभा आहे.

पहिलं दार हैदराबादला होतं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर मीटरगेजच्या गाडीनं हैदराबाद गाठायचं, नाहीतर हद्द ओलांडून पुण्या-मुंबईला जायचं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झालं, माध्यम उर्दू. औरंगाबादेत १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघालं तेही त्याच छत्राखाली, आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. घरी मराठी बोलणारा मुलगा तिथं कोणता विषय घ्यावा हे विचारायला गेला, की विषयांची नावंच त्याला परकी होती.

पण ती नावं उर्दू बोलणाऱ्या मुलांनाही परकी होती, हे आपण विसरतो. रसायन, अर्थशास्त्र, वैद्यक उर्दूतून शिकवायचं म्हणजे शब्द कुठून आणायचे? त्यासाठी उस्मानियाच्या आधीच, १९१७ मध्ये, दारुल तर्जुमा हा भाषांतराचा विभाग काढावा लागला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. उर्दूचे लोक त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात, आणि त्यांच्या कामाची उमेदीची वर्षं औरंगाबादेत गेली. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार ते इथून चालवत, इथल्या कॉलेजचे ते प्राचार्य होते, ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून त्यांनी इथूनच काढलं. शास्त्रीय परिभाषेच्या याद्या करणं हे त्या मंडळींचं रोजचं काम होतं. एका बाजूला तज्ज्ञाचा शब्द, दुसऱ्या बाजूला वर्गातल्या पोराला कळेल असा शब्द, आणि मध्ये दोन्ही जुळवणारा कारकून. आज बॉट बांधणारी मुलं पाठ्यक्रमातलं ‘व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम’ आणि विद्यार्थ्याचं ‘तो स्किलवाला पेपर’ यांची जोडी लावत बसतात, तेव्हा याच शहरातल्या जुन्या कामाला ती पुन्हा लागलेली असतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

१९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, माध्यम बदललं, आणि १९५० च्या जूनमध्ये या शहरात एक असं कॉलेज सुरू झालं, जिथला विद्यार्थीच वेगळा होता. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं ते कॉलेज. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली, पुढे कॉलेजचं नाव मिलिंद झालं, परिसर नागसेनवन. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. इथं येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

माहितीचा प्रश्न इथं पार बदलतो. वकिलाच्या घरातल्या मुलाला इंटरनंतर काय हे कुणी सांगत बसत नाही, ते जेवताना कानावर पडतं. ज्याच्या घरी हे कानावर पडत नाही त्याला छापील पत्रक देऊनही भागत नाही, कारण पत्रकात कोणती ओळ आपल्यासाठी आहे हेच त्याला कळत नसतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. ती मागायची असते, कुठल्या तारखेच्या आत मागायची असते, आणि सोबत कुठला दाखला लागतो, हे कोण सांगणार? वसतिगृहातला वरच्या वर्गातला मुलगा सांगायचा. आणि तो विचारायची वाट बघत बसायचा नाही. ‘अरे, तुझा फारम भरला का?’ हा प्रश्न त्याच्याकडून यायचा. चौकशीच्या या सगळ्या इतिहासात माहिती देणारा आपण होऊन विद्यार्थ्याकडे चालत गेला, अशी ठिकाणं मला फार थोडी दिसतात. वसतिगृहाची खोली त्यातली पहिली.

विद्यापीठ आलं २३ ऑगस्ट १९५८ ला. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, या एका विद्यापीठाच्या पदराखाली आले. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठात कुलसचिव आणि पुढे रेक्टर म्हणून काम केलेला माणूस, मुंबई विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिलेला. वर्षाचं कॅलेंडर, अध्यादेश, विनियम, पात्रतेची कलमं: मुंबईच्या विद्यापीठात मुरलेली ही कागदाची शिस्त अशा माणसांबरोबर इकडे आली. आता निदान हैदराबादला पत्र टाकायची गरज उरली नाही. विद्यापीठाला एक दार होतं आणि त्या दारात एक खिडकी.

चौकशी खिडकीवर मराठीत कुणी कादंबरी लिहिली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. लोखंडी गज, खाली हात जाईल एवढी फट, आणि फट अशा उंचीवर की विचारणाऱ्याला वाकावंच लागावं. आत एक बाबू, त्याच्यामागे तांबड्या फडक्यात बांधलेले गठ्ठे. बाहेर अंबडहून, गेवराईहून, भूमहून पहाटेच्या एसटीनं आलेली मुलं. पुढचा काय विचारतोय हे मागच्या दहा जणांना ऐकू जातं. म्हणजे तुमचे मार्क, तुमचा प्रवर्ग, तुमचा राहिलेला पेपर, सगळं रांगेला कळतं. मुली बहुधा भाऊ किंवा वडिलांना पुढे करत. उत्तर ठरलेलं असे: ‘बोर्डावर लावलंय, वाचा.’

आणि बोर्डावरचं वाचून कळायचं काय? ‘पात्र विद्यार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करावेत.’ यात पात्र कोण, नमुना कुठला, मुदत कधीपर्यंत, यातलं एकही नाही. बाबूला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडेही तेवढंच पत्रक आलेलं असतं आणि स्वतःच्या जबाबदारीवर एक शब्द जास्त बोलला, तर तो शब्द त्याच्या अंगावर येऊ शकतो. खिडकीतलं तुटक बोलणं हा उद्धटपणा कमी आणि बचाव जास्त असतो, असं माझं मत आहे. हा बचावाचा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

१७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आणि लातूर-परभणी-नांदेडच्या मुलांची खिडकी बदलली. इकडे उरले औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद. रांग थोडी आखडली. मात्र तोवर खिडकीला एक प्रतिस्पर्धी तयार झालेला होता, विद्यापीठ गेटजवळ, कॉलेजांच्या कोपऱ्यांवर, औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांशेजारी: झेरॉक्सवाला.

हा माणूस नेमका कधी सल्लागार झाला, याची नोंद कुठंच सापडणार नाही. त्याच्याकडे प्रती काढायला कागद येत, म्हणजे दर हंगामात शेकडो अर्ज त्याच्या डोळ्यांखालून जात. कुणाचा अर्ज कशासाठी परत आला, कुठली सही राहिली, गॅप सर्टिफिकेट कोणत्या कागदावर चालतं, मायग्रेशन कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही, हे त्याला आपोआप पाठ होत गेलं. त्यानं अध्यादेश कधी वाचला नाही, त्यानं उदाहरणं पाहिली. ढीगभर उदाहरणांतून नियम ओळखायचा ही पद्धत पुढे यंत्रांनीही उचलली. सायबर कॅफे आले तेव्हा तोच कॅफेवाला झाला, ऑनलाइन अर्ज सुरू झाले तेव्हा ‘येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी त्यानंच लावली, आणि महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारी गर्दी आजही त्याच्याकडेच असते. अर्जामागे काही रुपये घेतो, चूक झाली तर शिव्या खातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडतो.

मध्ये एक छोटा टप्पा एसएमएसचा येऊन गेला. बारावीचा निकाल मोबाइलवर बघायचा तर ‘एमएचएचएससी’ ही अक्षरं, एक जागा सोडून आसनक्रमांक, आणि ५७७६६ ला पाठवायचं. यंत्राला प्रश्न विचारायची मराठी मुलांची ही पहिली सवय. मधली जागा चुकली की उत्तर नाही. माणसानं यंत्राच्या बोलीत बोलायचं, हा करार होता. चॅटबॉटचं सगळं आश्वासन हा करार उलटा करण्याचं आहे: तुम्ही तुमच्या बोलीत विचारा, समजून घेणं माझ्याकडे लागलं.

हे आश्वासन अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी दिलं गेलं. १९६१ मध्ये बर्ट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ‘बेसबॉल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एका मोसमातले सामने त्याला माहीत होते. अमुक संघ जुलैत कुठं खेळला असं साध्या इंग्रजीत विचारलं की तो सांगे. दहा वर्षांनी विल्यम वूड्सचा ‘लूनर’ आला. अपोलो ११ नं आणलेल्या चंद्रावरच्या दगडांच्या रासायनिक तपासणीचे आकडे त्यात होते. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या चांद्रविज्ञान परिषदेत भूशास्त्रज्ञांनी त्याला शंभराहून अधिक प्रश्न विचारले, त्यातल्या सुमारे ७८ टक्क्यांची उत्तरं त्यानं बिनचूक दिली. आजच्या कित्येक सरकारी बॉटांना हा आकडा लाजवील. कारण सोपं आहे. चंद्रावरच्या दगडांची फी दर जूनमध्ये बदलत नाही.

या दोघांच्या मधोमध, १९६६ मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ जगापुढे मांडली, आणि घराण्याला वेगळंच वळण लागलं. एलायझाला काहीही माहीत नव्हतं. समोरच्याचं वाक्य थोडं फिरवून ती त्यालाच परत विचारी, मानसोपचारतज्ज्ञ विचारतो तसं. तरी लोक तिच्याशी मन मोकळं करू लागले. वायझेनबॉम यांची सेक्रेटरी तिच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळानं तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. त्यांनी या प्रकाराचा एवढा धसका घेतला की १९७६ मध्ये यंत्रांवर अवाजवी भिस्त ठेवण्याविरुद्ध त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. एलायझा हे नाव त्यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधून घेतलं होतं. म्हणजे नात्यानं ती आपल्या मंजुळेची बहीण लागते, पु. लं.च्या ‘ती फुलराणी’तली, भक्ती बर्वे यांनी रंगभूमीवर गाजवलेली मंजुळा. शुद्ध बोलायला शिकवलं म्हणजे काम झालं असं मंजुळेच्या मास्तरांना वाटलं होतं. बॉट बांधणाऱ्या पुष्कळांना अजून वाटतं.

माहीत असलेला पण रुक्ष, आणि गोड बोलणारी पण अडाणी, अशा या दोन शाखा पुढे पन्नास वर्षं वेगळ्याच वाढल्या. विद्यापीठाच्या आवारात त्या एकत्र आल्या २०१६ मध्ये, तेही एकाच शहरात. अमेरिकेतल्या अटलांटामध्ये जॉर्जिया टेकचे प्राध्यापक अशोक गोयल यांनी आपल्या ऑनलाइन वर्गाला ‘जिल वॉटसन’ नावाची सहायक दिली. एका सत्रात विद्यार्थ्यांचे दहा हजारांच्या आसपास निरोप येत आणि बरेचसे त्याच त्या प्रश्नांचे. जिल यंत्र आहे हे मुलांना शेवटपर्यंत सांगितलेलं नव्हतं. यातली मला महत्त्वाची वाटते ती बाब फसवणुकीची नाही, दुसरीच: उत्तराची खात्री ९७ टक्क्यांच्या वर असली तरच जिल बोले, एरवी गप्प. गप्प बसता येणं हा बॉटचा फार मोठा गुण आहे आणि तो अंगी बाणवायला बोलण्यापेक्षा जास्त मेहनत पडते.

दुसरा प्रयोग त्याच शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा. तिथं प्रवेश नक्की झालेली बरीच मुलं उन्हाळ्यात गळत, कधी एखादा अर्ज राहून गेला म्हणून, कधी कर्जाचा कागद कळला नाही म्हणून. ‘पाउन्स’ नावाच्या बॉटनं त्या उन्हाळ्यात मुलांच्या दोन लाखांहून अधिक प्रश्नांना मोबाइलवर उत्तरं दिली आणि गळती साधारण पाचव्या हिश्शानं घटली. पण पाउन्स खिडकीत बसून राहिला नाही. तुझा अमुक अर्ज अजून आलेला नाही, तारीख जवळ आली आहे, असा निरोप तो आधी पाठवी. नागसेनवनातल्या वरच्या वर्गातल्या मुलाचं काम, अटलांटात.

इकडे आपल्या आवारात काय चाललं होतं? विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागात २०१० च्या आगेमागे मराठी बोली यंत्राला ऐकवण्याचं काम सुरू होतं. भारती गवळी, संतोष गायकवाड, प्रवीण यन्नावार, सुरेश मेहरोत्रा यांचा सुटे मराठी शब्द ओळखण्यावरचा निबंध त्याच सुमाराचा. रत्नदीप देशमुख, पुखराज श्रीश्रीमाळ, विशाल वाघमारे यांनी शेतीतले शब्द इथल्या लोकांच्या आवाजात नोंदवून घेतले. यंत्राशी मराठीत बोलणारा माणूस म्हणून विद्यापीठाच्या डोळ्यांपुढे शेतकरी उभा राहिला, हे या प्रदेशाला शोभणारंच आहे. स्वतःच्या खिडकीतली रांग मात्र विद्यापीठाच्या मागच्याच भिंतीला लागून होती.

त्या रांगेचा विचार केला तो विद्यार्थ्यांनीच, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी. ‘कॉलेज एन्क्वायरी चॅटबॉट’ हा महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं चालत आलेला प्रोजेक्ट. पायथॉन, नंतर गूगलचं डायलॉगफ्लो, नाहीतर रासा. गाइड बदलतात, बाइंडिंगचा रंग बदलतो, विषय तोच. लोक त्याला हसतात. मी हसत नाही, कारण त्या चार पोरांना चार महिन्यांत जे कळतं ते प्रशासनाला चाळीस वर्षांत कळलेलं नसतं: लोक नेमकं काय विचारतात.

पद्धत अशी. आधी प्रश्नांचे हेतू ठरवायचे: फी, तारीख, पात्रता, वसतिगृह. मग एकेका हेतूखाली लोक तो प्रश्न किती तऱ्हांनी विचारतील त्याची वाक्यं लिहायची. ‘बीएस्सीची फी किती?’ हे पुस्तकातलं वाक्य. प्रत्यक्षात येतं ते रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी, त्यात अर्धी हिंदी, शेवटी ‘सर’. ‘सर बीएस्सी का फीस कितना है’, ‘फारम कधी निघनार’, ‘बी. ए. ला नंबर लागन का’, ‘एक पेपर राहिला एमएला घेतात का’. रोमन अक्षरांत ‘आहे’ हा एक शब्द मुलं चार-पाच प्रकारे लिहितात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटानं २०२२ मध्ये ‘महाबर्ट’सारखी मराठी प्रारूपं खुली केली, मोठी भाषा-प्रारूपं तर आता ही खिचडी सहज पचवतात. २०१८ मध्ये ज्या अडचणीवर प्रोजेक्ट फसायचा ती आज अडचणच उरलेली नाही. यंत्राला प्रश्न कळतो.

उत्तर कुठून आणायचं, हे मात्र जिथल्या तिथं आहे. विद्यापीठांची परिपत्रकं बघा. बरीचशी कागदावर सही-शिक्का मारून मग स्कॅन केलेली, म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं ती चित्रं. जी मजकूर म्हणून आहेत त्यातली जुनी श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबी फाँटात टाइप केलेली. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला मात्र निरर्थक चिन्हांची माळ मिळते. त्यात एका परिपत्रकाला शुद्धिपत्रक, शुद्धिपत्रकाला मुदतवाढ. संकेतस्थळावर तिन्ही शेजारी शेजारी, आणि जुनं रद्द झालं असं कुठंच लिहिलेलं नाही. खिडकीतला बाबू निदान नवा कागद वर ठेवायचा.

त्यातच नवं शैक्षणिक धोरण आलं. राज्य शासनाचा २० एप्रिल २०२३ चा निर्णय निघाला, स्वायत्त महाविद्यालयं आणि विद्यापीठ विभागांत आधी, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अंमल सुरू झाला. पूर्वी बी. ए. ला जाणारा मुलगा तीन विषय निवडायचा, संपलं. आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, पुढे ओजेटी. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक, ते साठवायला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. निवडीचं स्वातंत्र्य दिलं हे चांगलंच झालं. पण मेजर कोणता घेतला तर मायनर कोणते चालतात आणि आपल्या कॉलेजात त्यातले शिकवायला माणूस कुणाचा आहे, हे एकाच जागी लिहिलेलं सापडत नाही. प्रश्न दसपट झाले आणि खिडक्या तेवढ्याच राहिल्या. बॉटची गरज इथून आली. ती फॅशन आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा प्रवेशाच्या दिवसांत एखाद्या कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून बघावं.

बॉटचा एक फायदा मात्र त्याच्या बाजूचे लोकही पुरेसा सांगत नाहीत. त्याच्यासमोर रांग नसते. रात्री अकराला, घरातले झोपल्यावर, एखादी मुलगी फोनवर विचारू शकते की लग्नानंतर नाव बदललं तर मार्कशीटचं काय, पाच वर्षांचा खंड चालतो का, बाळ लहान आहे तर बहिःस्थ बसता येईल का. हे प्रश्न गजांपाशी वाकून, मागच्या दहा जणांच्या कानांदेखत, तिनं कधीच विचारले नसते. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनं साहेबांना बाहेर जायला सांगितलं, त्याकडे मी त्यांच्याइतक्या भीतीनं बघू शकत नाही.

भीती आहे ती उत्तराची. बहिःस्थ बसता येईल, असं बॉटनं आत्मविश्वासानं सांगितलं, आणि तो नियम गेल्या वर्षीचा निघाला, तर? हरलेलं वर्ष कुणाच्या नावावर मांडायचं?

कॅनडात असं एक प्रकरण झालं. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बॉटनं एका प्रवाशाला सांगितलं, की घरातल्या मृत्यूनंतरच्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते. तसा नियम नव्हता. प्रवासी भांडायला गेला तेव्हा कंपनीची बाजू अशी, की चॅटबॉट हा स्वतंत्र आहे आणि आपल्या बोलण्याला तो स्वतः जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानं फेब्रुवारी २०२४ मध्ये हे फेटाळलं. संकेतस्थळ तुमचं, म्हणून त्यावरचा शब्दही तुमचा, मग तो स्थिर पानावरचा असो की बॉटच्या तोंडचा. भरपाई ६५० डॉलरांची, पण निकालाची किंमत त्याहून मोठी.

आपल्याकडे प्रॉस्पेक्टसला अशी किंमत आधीपासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणाच्या नियमांप्रमाणे प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका जाहीर करावी लागते, त्यात फी, जागा, पात्रता, शिक्षकांचा तपशील द्यावा लागतो, आणि त्यात खोटी माहिती असेल तर विद्यार्थ्याला दाद मागता येते. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी लोकपालही नेमावा लागतो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानं तर प्रत्येक कार्यालयाला जन माहिती अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायला लावलं. म्हणजे छापलेल्या शब्दाला आणि दिलेल्या माहितीला मागे एक माणूस हवा, हे आपल्या कायद्यानं कबूल केलेलं आहे.

बॉटच्या उत्तराखाली मात्र नाव नसतं. बहुतेक बॉट तळाला एक बारीक ओळ टाकतात, की अचूक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा. ही ओळ मला ओळखीची वाटते, ‘बोर्डावर लावलंय, वाचा’ याच घराण्यातली. करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते अवघडही नाही: प्रत्येक उत्तराखाली परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख, परिपत्रक सापडलं नाही तर जिल वॉटसनसारखं गप्प बसणं, न सुटलेले प्रश्न रोज संध्याकाळी एका जिवंत माणसाच्या टेबलावर. तंत्र यातलं सगळं आजच करू शकतं. अडतं ते त्या शेवटच्या टेबलावर.

प्रोजेक्टवाली मुलं मे-जूनमध्ये पास होऊन पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीला जातात. त्यांचा बॉट मागे राहतो आणि नव्या मुलांना जुनी फी सांगत बसतो. तो ताजा ठेवायला विद्यापीठानं एखादा पगारी माणूस नेमायचं ठरवलं, तर फाइल आधी आकृतिबंधाला अडेल. त्यात कनिष्ठ लिपिक आहे, वरिष्ठ लिपिक आहे, कक्षाधिकारी आहे. नवं पद मागितलं की वित्त विभाग रीतसर शेरा मारेल: ‘सदर काम सद्यःस्थितीत कोण करते, ते नमूद करावे.’ प्रामाणिकपणे उत्तर लिहायचं झालं, तर गेटासमोरचा झेरॉक्सवाला असं लिहावं लागेल.